जर्मनची वाटी

माझ्या स्वयंपाकघरात एके काळी साखरेचे तीन डबे होते. एक रोजचा, एक रोजचा संपला तर म्हणून, आणि तिसरा तो दुसराही संपला तर म्हणून. हसू नका, तुमच्याही घरात असतील, तुम्ही कधी मोजले नसतील एवढंच. तुरीच्या डाळीचं तेच, पोह्यांचं तेच, हळदीचं तेच. कपड्यांच्या साबणाला फळी पुरेना, म्हणून वड्या धानाच्या कोठीवर रचून ठेवल्या होत्या. पाहुणे आले की आमचे घरचे, म्हणजे माझा नवरा, त्यांना मुद्दाम ती रास दाखवायचे आणि म्हणायचे, "बाईनं दुकान टाकलं जी. फक्त गिऱ्हाईक येऊन नाही राहिले."

आमचं गाव केशोरीच्या बाजूला आहे. मी इथल्या शाळेत शिकवते, घरचे धानाची शेती बघतात. आठवडी बाजार मी कधी चुकवला नाही. शिवाय काही काम निघून गोंदियाला गेले की तिथल्या मोठ्या दुकानात शिरायचेच. आत गार हवा, चाकाची गाडी, आणि रांगेनं लावलेला माल. यादीत चार वस्तू असायच्या आणि परतीच्या बसमध्ये माझ्या पायाशी चार पिशव्या. कंडक्टर म्हणायचा, "मॅडम, शादी है क्या घर में?" मला राग यायचा, पण पिशव्या पायात घट्ट धरून मी बसायचे आणि खरं सांगते, फार बरं वाटायचं. घर भरलेलं आहे, या विचारानं मला जितकी शांत झोप लागते तितकी कशानंच लागत नाही.

याचं कारण मला ठाऊक आहे. माझं माहेर देवरीकडचं. बाप जंगलातली मिळेल ती कामं करायचा, माय तेंदूपत्ता तोडायला जायची. घरात कधी तेल सरलेलं, कधी मीठ. मी मोठी म्हणून वाटी घेऊन मलाच धाडायचे. एका घरची बाई मला बाहेर छपरीत उभं करून ठेवायची आणि आतूनच ओरडायची, "आली का व परत?" एकदा माझ्या वर्गातल्या दोन पोरी तिथेच खडे झेलत बिट्ट्या खेळत होत्या. त्यांनी वर पाहिलं, माझ्या हातातली वाटी पाहिली आणि पुन्हा खेळायला लागल्या. हसल्यासुद्धा नाहीत. पण त्या दिवशी मी ठरवलं की मोठी झाल्यावर काहीही करीन, कोणाच्या दारात वाटी घेऊन उभी राहणार नाही. आणि नाहीच राहिले.

आता मोठीमायची गोष्ट.

मोठीमाय आमची शेजारीण. नात्याची नाही. गावातल्या वयानं थोर बाईला मोठीमाय म्हणतात तशी ती अख्ख्या गल्लीची मोठीमाय. तिचा मुलगा बाहेरगावी कामाला, सणावारी येतो. ती एकटी राहते. तिच्या आणि आमच्या घरामागच्या सांदवाडीत मध्ये काट्याकुट्यांचं कुंपण आहे आणि त्याला एक खिंडार आहे. ते ढोरांनी पाडलं असं ती म्हणते, पण तिच्या जाण्यायेण्यानंच ते पडलंय हे सगळ्यांना माहीत आहे.

मी लग्न होऊन आले त्याच महिन्यात ती त्या खिंडारातून आली. हातात जर्मनची वाटी. आमच्याकडे त्या हलक्या, पांढऱ्या अॅल्युमिनियमच्या भांड्यांना जर्मनचंच म्हणतात. वाटीला एका बाजूला पोचा होता. "पोरी, वाटीभर साखर दे," म्हणाली. नव्या नवरीला हे कोणी पहिल्याच भेटीत मागतं का? मी वाटी भरून दिली. दोन दिवसांनी तीच वाटी परत आली, साखरेनं शिगोशीग भरलेली, आणि कागदाच्या पुडीत वर जवसाची चटणी. न्यायची ती बोटानं सपाट करून, आणायची ती शिगेनं, हा तिचा नियम. वाटी रिकामी परत करायची नाही, हाही नियम.

मग ते रोजचंच झालं. मी शाळेतून आले की चार-साडेचारला खिंडारात तिची सावली दिसायची. कधी साखर, कधी चहापत्ती, कधी विरजण, कधी नुसता चिमूटभर हिंग. वस्तू घ्यायला एक मिनिट लागायचं आणि बसायची तासभर. भिंतीला टेकून, पाय लांब करून. कोणाच्या बांधीत धानाचं रोवणं कधी लागणार, कोणाच्या सुनेला दिवस गेले, तलावात यंदा मासोळी किती, सगळा गाव माझ्या स्वयंपाकघरात यायचा. मध्येच उठून माझ्या डब्यांची झाकणं उघडून बघायची. "बाप्पा, तीन-तीन डबे! तुयी साखर का लगनाले चालली का व?" माझी फळी तिला माझ्यापेक्षा जास्त पाठ होती. माझी मुलगी झाली तेव्हा तिला तेल लावायलाही हीच, आणि मुलगी शिकायला पुण्याला गेली तेव्हा माझ्याबरोबर डोळे पुसायलाही हीच.

एवढी वर्षं मी कधी तिच्याकडे काही मागितलं नाही. मागायची वेळच येऊ दिली नाही. ती यायची, मी द्यायची. मला वाटायचं, यात मी केवढी चांगली!

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. शाळेत त्या दिवशी डोकं उठलं होतं. मोबाइलवर भरायची माहिती भरली जात नव्हती, वरून फोनवर फोन. घरी येऊन पुन्हा तेच करत बसले होते, आणि खिंडारातून मोठीमाय आली. वाटी पुढे केली आणि रोजच्यासारखी टेकून बसली. काहीतरी सांगायला लागली. माझं अर्धं लक्ष मोबाइलात. ती म्हणाली, "आयकून राहिली का व?" आणि माझ्या डोक्यात काय आलं कोण जाणे. मी उठले. आदल्याच आठवड्यात गोंदियाहून आणलेली पाच किलो साखरेची थैली कोपऱ्यात होती, तोंड शिवलेली, तशीच्या तशी. ती उचलली आणि तिच्या मांडीवर ठेवली.

"घे मोठीमाय. वर्षभर पुरेल. परत नको करू. रोज रोज यायची दगदगच नको आता तुला."

देवाशपथ सांगते, मला वाटलं मी दान केलं. मनात तर असंही आलं की बघा, वाटीभर साखरेसाठी छपरीत उभी राहणारी पोरगी आज थैलीच्या थैली देते.

मोठीमायनं थैलीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "एवढी कायले?" एवढंच म्हणाली. मी म्हटलं, "राहू दे, राहू दे." तिला उचलेना, म्हणून घरच्यांनी थैली खांद्यावर टाकली आणि तिच्या घरी पोचवून आले. ती त्यांच्या मागेमागे गेली. ओट्यावर तिची वाटी राहिली, रिकामीच.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मी निवांत चहा प्यायले. तिसऱ्या दिवशी आली नाही. आठवडाभर आली नाही. मग साडेचार वाजले की माझे डोळे आपोआप खिंडाराकडे जायला लागले. तिथे आमची कोंबडी ये-जा करायची, बस.

एके दिवशी घरचे तलावाकडून आले आणि पाय धूत म्हणाले, "मोठीमाय तलावाच्या पाळीवरून येऊन राहिली होती. त्या पल्याडच्या घरून. हातात कटोरी होती, साखरेची."

मी तापले. "घरात पाच किलोची थैली असताना? माझी साखर काय कडू आहे?"

"कडू नाही. लय आहे."

"म्हणजे?"

त्यांनी टॉवेलनं पाय पुसले. या माणसाला कधीच घाई नसते. त्यांच्या वाडवडिलांनी तलाव बांधले, पाण्याच्या पाळ्या लावून दिल्या. घरात जन्मापासून तेच बोलणं ऐकलेलं. म्हणाले, "बांधीले पानी कसं देतो आपन? थोडं थोडं, पाळीपाळीनं. अख्खा तलाव एका दिवशी सोडून देला आन म्हटलं का घे, आता वर्षभर मांगू नको, त धान वाचते का? तू तिले साखर नाही देली. तिचं येनं बंद केलं."

मी म्हटलं, तुम्हाला काय कळतं. आणि आत जाऊन भांडी आपटली. कारण त्यांना बरोबर कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी शिंगाड्याचा शिरा केला, डबा भरला आणि तिच्याकडे गेले. ती अंगणात सुपात जवस पाखडत होती. "ठेवा तिथं," म्हणाली. ठेवा! मी ठेवला. "बसा ना म्याडम." म्याडम! एवढ्या वर्षांत तिनं मला पोरीशिवाय काही म्हटलं नव्हतं. माझ्या विद्यार्थ्यांसमोरसुद्धा म्हणायची, मला लाज वाटली तरी म्हणायची. मी दोन मिनिटं बसले. मग उठून घरी आले. डबा दोन दिवसांनी परत आला, घासून पुसून, कोण्या पोरीच्या हाती. त्यात मूठभर लाखोरीची डाळ. नियम तिनं पाळला, पण ती स्वतः आली नाही.

मला रडू आलं. चांगली बाई मी, पन्नाशीची, शाळेत पोरं माझ्या आवाजाला चळचळ कापतात, आणि एका म्हातारीनं तुम्ही म्हटलं म्हणून ओट्याशी उभी राहून रडले. समोर तिची वाटी होती. ती परत करावी तर रिकामी करता येत नाही, आणि भरून द्यावी तर पुन्हा तेच झालं, मी देणारी आणि ती घेणारी. बराच वेळ त्या पोच्यावरून अंगठा फिरवत राहिले. मग कळलं की ही वाटी तिच्या दारात एकाच कामासाठी नेता येईल. मागायला.

आणि खोटं मागून चालणार नव्हतं. तिला माझी फळी पाठ. साखर संपली म्हणायला माझी साखर खरंच संपायला हवी होती.

आता सांगा, माझ्या घरातली साखर संपवायची म्हणजे काय खेळ आहे? तीन डबे काठोकाठ. टाकून द्यायची नाही, अन्न आहे. एकगठ्ठा कोणाला द्यायची नाही, त्यानंच तर घात केला होता. तेव्हा खाऊन संपवायची आणि नवी आणायची नाही, एवढाच मार्ग. घरच्यांना सांगितलं. ते म्हणाले, "होऊन जाऊ दे." पहिले पंधरा दिवस त्यांची चंगळ झाली. शिरा, खीर, गोड पोळ्या. मग म्हणाले, "बाई, समझोता कर तिच्यासंग, मले आता तिखट खाऊ दे."

खाणं सोपं होतं. न आणणं मात्र फार अवघड गेलं. बाजारात किराण्याच्या दुकानापुढून जाताना माझा हात आपोआप पिशवीची घडी उलगडायचा. मी दुसऱ्या हातानं तो धरायचे. गोंदियाच्या दुकानात गेले तर दारातच मोठा ढीग. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, दो के साथ एक फ्री है, आज लास्ट है." लास्ट! मी दोन थैल्या गाडीत ठेवल्या, फिरून आले, एक काढली. पुन्हा फिरून आले, दुसरी काढली. मागच्या बाईनं विचारलं, "लेना है कि नहीं लेना है?" मी म्हटलं, "नहीं लेना है." एवढ्या जोरात म्हटलं की पहारेकरी माझ्याकडे बघायला लागला. त्या दिवशी बसमध्ये पायाशी एकच पिशवी होती आणि पाय कुठे ठेवावेत तेच कळेना.

एकदा घसरलेच. दुसरा डबा संपला त्या दिवशी शाळेतून येताना किलोभर साखर घेतली आणि स्कूटीच्या डिक्कीत लपवली. म्हटलं, असू दे, वापरणार नाही, नुसती असू दे. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातून सीटपर्यंत मुंग्यांची रांग. घरचे हात मागे बांधून ती रांग बघत उभे. "गाडी गोड निघाली व," म्हणाले. मी ओशाळले. ती पुडी शाळेत नेली आणि पोरांसाठी सरबत केलं.

तिसरा डबा संपत आला तसा माझा जीव खालीवर व्हायला लागला. चमचा तळाला लागल्याचा खर्र आवाज मी तीसेक वर्षांत ऐकला नव्हता. तो आवाज आमच्या माहेरच्या घरात रोज व्हायचा. तो ऐकला की माय माझ्याकडे बघायची आणि मी वाटीकडे. पन्नाशीतसुद्धा तो आवाज ऐकून मी वाटीकडे बघितलं. घरात सगळं असताना, हातात पगार असताना. मला तेव्हा कळलं की मी साखर साठवतच नव्हते. मी तो आवाज बंद करत होते. आणि तो बंद करताकरता एका भल्या बाईची जीभही बंद करून बसले.

एका दुपारी डबा उपडा केला आणि काही पडलं नाही. मी पदर खोचला, जर्मनची वाटी घेतली आणि निघाले. आमच्या मागच्या दारापासून तिच्या अंगणापर्यंत वीस पावलंही नसतील. खिंडारात काटा साडीला लागला, तो सोडवला. मनात म्हटलं, मागे फीर, केशोरीला जा, किलोभर आण, कोणाला कळणार आहे? तरी गेले.

मोठीमाय भाजी निवडत बसली होती. वर पाहिलं. तिची नजर माझ्या हातातल्या वाटीवर गेली, रिकाम्या. रोज चाळीस पोरांना बोलून बोलून दमवणारी मी, वाटी पुढे धरून उभी, छपरीतल्या त्या पोरीसारखी. शेवटी निघालं, "मोठीमाय, वाटीभर साखर दे ना."

"कोनाले?"

"मला. घरची सरली."

"सरली?" तिनं भाजीची टोपली बाजूला ठेवली. "तुया घरची साखर सरली?"

ती उठली. मला वाटलं आत जाईल. ती गेली थेट खिंडाराकडे, माझ्या पुढे, गुडघ्यावर हात टेकत, आमच्या मागच्या दारानं स्वयंपाकघरात. पहिला डबा उघडला, हातावर उपडा केला. दुसरा उघडला, उपडा केला. तिसरा उघडून नाक आत घालून बघितलं. घरचे दारात उभे होते, त्यांना म्हणाली, "काऊन जी, खरंच सरली का?" ते म्हणाले, "मलेच विचारून राहिली! दोन महिने झाले, मीच खाऊन राहिलो. आता दे तिले साखर, नाही त कोरा चहा पाजते मले."

मोठीमाय हसायला लागली. आधी पोटातल्या पोटात, मग अशी खदाखदा की भिंत धरून खाली बसली, तिच्या नेहमीच्या जागी. मीही हसले. मध्येच मला रडूही येत होतं, ते मी पदरानं पुसलं. "बह्याड आहेस तू," म्हणाली. "निव्वळ येडी, बह्याड."

मग आम्ही दोघी पुन्हा तिच्या घरी गेलो. फळीवर, खाटेच्या वरच्या बाजूला, माझी पाच किलोची थैली होती. तशीच. तोंडाची शिवणसुद्धा उसवलेली नव्हती, वर धूळ बसली होती. तिनं ती मला खाली काढायला लावली. एका टोकाचा दोरा दातानं तोडला, ओढला, थैली सरकन उघडली. माझ्या हातातून वाटी घेतली, थैलीत बुडवली, बाहेर काढली, आणि बोटानं त्यातली साखर पुन्हा थैलीत पाडत गेली. निम्मी उरली तेव्हा थांबली आणि वाटी माझ्या हातात दिली.

मी म्हटलं, "मोठीमाय, अर्धीच?"

थैलीचं तोंड वळून बांधता बांधता, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "पूरी देली त उद्या कायले येसीन, पोरी?"